मागच्या बैलाचं रबर

रबर मी बदललं होतं. दोस्ताला न विचारता बदललं, आणि तो पडून त्याचं मनगट मोडल्यावर, कुणी बघायच्या आत, पहिलं रबर परत जागेवर बसवलं. पहिली चूक पोरकटपणाची म्हणून सोडून देता येईल. दुसरी मी शुद्धीवर राहून केली. त्यानंतर पंधरा वर्षं माझा दोस्त असं समजत राहिला की त्याचा स्वतःचाच अंदाज कच्चा आहे. मी त्याच्या घरी जेवत होतो, त्याच्या लग्नात वाढप्या होतो, आणि गप्प होतो.

गोष्ट चाकांच्या फळीची आहे. आता तिला परदेशी नाव आहे, पण सत्तरनंतरच्या त्या एक-दोन वर्षांत कोल्हापुरात तिला नाव नव्हतं, कारण ती फक्त आमच्याकडे होती. मी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर होतो. भिंतीपलीकडे त्याच मालकाची ओतकामाची भट्टी होती. तिथे माझा दोस्त आणि त्याचे वडील साचे करायचे. वडिलांना सगळा कारखाना अब्बा म्हणायचा, मालकसुद्धा. दोस्त मंगळवार पेठेतल्या तालमीत जायचा. मान, खांदे, मांड्या सगळं भरलेलं, म्हणून तो पैलवान. मी अंगानं इतका बारीक की लेथच्या पट्ट्याबरोबर फिरेन असं लोक म्हणायचे. तो मला काडी म्हणायचा.

एका रद्दीवाल्याकडे पैलवानाला एका विलायती मासिकाचं पान मिळालं. त्यात एक माणूस फळीवर उभा राहून डोंगरउतारानं खाली येत होता. दोर नाही, दांडा नाही, हात पसरलेले. पैलवानानं ते पान घामाच्या बनियनमध्ये घालून आणलं आणि माझ्या लेथवर पसरलं.

"काडी, ही करायची."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? ह्यो बाबा पडला न्हाय, बग की."

"फोटो काढल्यावर पडला असंल."

"मग आपून फोटो काढून घ्यायचाच न्हाय. हाय काय आनि न्हाय काय!"

फळीचा प्रश्न नव्हता. जुन्या दाराची साडेतीन फुटांची सागवानी फळी मिळाली. चाकंही झाली. मी ती लेथवर काढली आणि टायरला रबर चढवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून वरून रबराचा थर घेतला. अडलं ते फळी आणि चाकं यांच्यामधल्या वस्तूवर. फळीला चाकं नुसती ठोकली तर ती सरळच जाणार, रेल्वेच्या डब्यासारखी. मासिकातला माणूस मात्र वळत होता, आणि वळायला त्याच्या हातात काहीच नव्हतं. तो नुसता एका बाजूला कलला होता.

उत्तर जुन्या बाजारात सापडलं. पायाला बांधायच्या चाकांच्या बुटांची एक गंजलेली जोडी. पैलवानानं त्यातला एक बूट उलटा धरून दाबला आणि ओरडला, "काडी! ह्ये बग, दाबलं की वळतंय!"

आत सगळं अगदी साधं होतं. चाकांची आडवी दांडी, तिच्यातून तिरका जाणारा एक बोल्ट, आणि बोल्टावर दांडीच्या खाली-वर दोन रबरं. फळी एका बाजूला दाबली की त्या बाजूचं रबर दबतं, दांडी तिरकी फिरते, चाकं वळतात. दाब सोडला की रबर दांडीला परत सरळ करतं. अशा दोन जोडण्या, एक पुढे, एक मागे. पैलवानानं त्यांची नावं तिथल्या तिथं ठेवली: पुढचा बैल आणि मागचा बैल.

बुटाचे बैल पैलवानाच्या वजनाखाली पहिल्याच दिवशी मोडले. मग त्यानं स्वतःचे ओतायचे ठरवले. त्या तीन महिन्यांसारखे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. तो लाकडाचा फर्मा कोरायचा, अब्बांच्या जेवणाच्या सुट्टीत वाळूत दाबायचा, आणि भट्टीतला उरलेला ॲल्युमिनियमचा रस त्यात ओतायचा. मी भोकं पाडायचो, आटे काढायचो. अब्बांना सगळं दिसत होतं. ते बोलायचे नाहीत. फक्त वाळू नीट चाळलेली नसेल तर लांबून खोकायचे.

सगळा खेळ तीन गोष्टींत आहे हे आम्हाला आपटून आपटून कळलं. पहिली, दांडीची लांबी. आखूड दांडीची फळी चटकन वळते, पण पायाखालून पळायलाही तेवढीच चटकन तयार असते. लांब दांडी उशिरा वळते आणि उतारावर भरवशाची. पैलवानानं फळीच्या रुंदीएवढी ठेवली. दुसरी, कल. ज्या तिरक्या रेषेवर दांडी फिरते ती किती तिरकी, यावर फळीचा स्वभाव ठरतो. उभट केली तर जरा कललं की फळी गर्रकन वळणार. आडवी केली तर कितीही कला, ती म्हाताऱ्या माणसासारखी हळूहळू तोंड फिरवणार. पैलवानानं चार वेगवेगळ्या कलाचे बैल ओतले. एकेक जोडी लावून तो उतारावर जायचा, परत येऊन डोळे मिटून बसायचा, आणि मग कानशीनं फर्म्याला जरासं खरडायचा. कोनमापक त्याच्याकडे नव्हता. शेवटची जोडी झाल्यावर मी माझ्या कोनमापकानं मोजली. पंचेचाळीसला अर्धा अंश कमी.

"तुला कसं कळलं रं?" मी विचारलं.

"गुडघ्याला कळलं," तो म्हणाला.

अब्बांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "गुडघ्यानं मोजून भांडी बनतेत का? हिसाब पायजे. एक दिस आपटशील." त्यांचा मुलगा त्यांच्यासारखा साचेवाला व्हावा एवढंच त्यांना हवं होतं. पैलवानाला मात्र फर्मे करायचे होते. म्हणजे वस्तू कशी असावी ते स्वतः ठरवायचं. अब्बांच्या मते त्या कामाला नजर असावी लागते, आणि ती पोराला आहे की नाही हे अजून ठरायचं होतं. पैलवानाच्या मते ते ह्या फळीवर ठरणार होतं. म्हणून ती फळी आमचं खेळणं राहिली नव्हती. कारखान्यात सगळ्यांना ते माहीत होतं, मला तर सगळ्यांत जास्त.

तिसरी गोष्ट रबर. मऊ रबर पंपाच्या कपलिंगमधलं मिळायचं, टणक रबर लॉरीच्या पाट्यांच्या बुशातलं. दोन्ही काळी, कापल्यावर दोन्ही सारखी दिसायची. पैलवानाचा नियम होता: पुढच्या बैलाला मऊ, मागच्याला टणक.

"पुढचा बैल ऐकणारा पायजे, मागचा हट्टी. दोघंबी ऐकाय लागले की गाडी खड्ड्यात."

त्याच्या वजनाला हे बरोबर बसायचं. नट किती आवळायचा याचीही खूण होती. नटाबाहेर बोल्टाचे दोन आटे दिसले पाहिजेत. तीन दिसले तर जास्त आवळलं, एक दिसला तर सैल. फळीवर चढण्याआधी तो वाकून दोन्हीकडचे आटे बोटानं चाचपायचा. तालमीत उतरताना माती कपाळाला लावायचा तसं.

माझी अडचण ही की मी काडी. माझ्या वजनाला मागचं टणक रबर दबायचंच नाही. मी कितीही कललो तरी फळी सरळ पुढे. पैलवान रस्त्यावर नागमोडी वळणं घ्यायचा, मांडलेल्या दुधाच्या किटल्यांच्या मधून, पाणी वाहावं तसा, आणि मी खांबाकडे बघत खांबाला जाऊन भिडायचो.

नवरात्रात, अष्टमीच्या दिवशी, मी त्याच्याकडे फळी मागितली.

"एक संध्याकाळ दे."

"घे की. तुझीबी हायच. कुठं निघालास?"

"रंकाळ्यावर."

तो माझ्याकडे बघून हसला. रंकाळ्यावर संध्याकाळी कोण फिरायला येतं ते त्याला ठाऊक होतं. कॉलेजातली एक मुलगी रोज मैत्रिणीबरोबर यायची, आणि मी रोज तिच्या मागून पंधरा पावलं अंतर ठेवून चालायचो, हे त्याला मीच सांगितलं होतं.

"जा. फकस्त मागच्या बैलाला हात लावू नगं."

"न्हाई लावत."

"शपथ?"

"शपथ."

कारखाना सुटल्यावर, लेथच्या खणातून मऊ रबराचा उरलेला जोड काढून मी मागच्या बैलात बसवला. नट आवळला, नेमके दोन आटे बाहेर. टणक रबर खणात टाकलं. काम पाच मिनिटांचं होतं. उद्या सकाळी पाच मिनिटांत परत.

ती संध्याकाळ अजून आठवली की मला हसू येतं, आणि लगेच लाज वाटते. फळी माझं ऐकत होती. कठड्याच्या बाजूनं मी डावीकडे झुकलो, ती डावीकडे. उजवीकडे झुकलो, ती उजवीकडे. भेळवाल्यानं पळी हातात धरून बघितलं. ती मुलगी थांबली. मी तिच्यासमोरून तीन वळणं काढली आणि मोठ्या ऐटीत उतरलो.

ती म्हणाली, "ह्याला ब्रेक कुठाय?"

मी म्हणालो, "नसतो."

"मग थांबवता कसं?"

"उतरायचं."

"अगोबाई," ती मैत्रिणीला म्हणाली, "म्हणजे अक्कल पण नसते." तरी ती हसली होती. पुढे तिच्याशीच माझं लग्न झालं. म्हणजे त्या संध्याकाळचा मला फायदा झाला. हेही लिहून ठेवायला हवं, नाहीतर कबुली अर्धी राहील.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात लवकर गेलो. रबर बदलायचं होतं. पण दिवस खंडेनवमीचा होता, आणि माझ्याही आधी अब्बा आले होते. मालकाच्या टेबलावर पांढरं कापड पसरलं होतं आणि त्यावर कारखान्यातलं एकूणएक हत्यार मांडलं होतं. हळदीकुंकू मालकांची आई वाहायची, पण मांडणी दरवर्षी अब्बांचीच. कुणी हत्यार वाकडं ठेवलेलं त्यांना खपायचं नाही. त्यांची साच्याची थापी सगळ्यांत पुढे, मग हातोडे, कानशी, माझे पाने, क्रमानं, लहानापासून मोठ्यापर्यंत. माझ्या खणातलंही एकूणएक हत्यार त्यांनी काढून नेलं होतं, आत फक्त ते टणक रबर राहिलं होतं. रात्री मी कुलूपबंद कारखान्याच्या दाराशी ठेवून गेलेली फळी आता आत भिंतीला टेकून उभी होती, तिला झेंडूची माळ. ती पैलवानानं घातली होती.

आमच्याकडे रीत अशी: खंडेनवमीला हत्यारं बसतात. ती दसऱ्याच्या दुपारी नैवेद्य दाखवल्यावरच उठायची. मधल्या काळात एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. फळी हत्यारांत धरलेली नव्हती, तिला ही रीत लागू नव्हती. वर्षभर ती आपल्यासाठी राबतात, त्यांना दीड दिवस तरी बसू द्यायचं.

मी अब्बांच्या जवळ जाऊन हळूच म्हणालो, "अब्बा, सतरा नंबरचा पाना एक मिनिट घेतो."

ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी देवळातली घंटा काढून मागतोय.

"हत्यार बसल्यात."

"एक नट फक्त."

"नटबी बसलाय."

"दोन मिनिटांत परत ठेवतो."

"पोरा, तुला दुपारच्याला झोपलं असताना कुणी उठवून म्हणलं, दोन मिनिटांत परत झोपा, तर चालंल काय?"

मागे उभी असलेली माणसं हसली. पैलवानही हसला. "काय रं, कसला नट?"

तेव्हा सांगायचं होतं. तो समोर होता, हसत होता. फार तर त्यानं मला उचलून भट्टीच्या वाळूत आपटलं असतं. पण शपथ मोडली हे चारचौघांत सांगायचं म्हणजे रंकाळ्यावरची ऐटही सगळ्यांना कळणार. मी म्हणालो, "काय न्हाई, लेथचा."

मग त्यानं सगळ्यांना मोठ्यानं सांगून टाकलं, "उद्या सकाळी टेंबलाईवरनं शिलंगण! वरनं पार खालपतूर, पाय न टेकता. अब्बा, तुमीबी या."

अब्बा म्हणाले, "मी आलो तर तू पडशील. न आलो तरी पडलास तर मला कळंलच." म्हणजे ते येणार नव्हते, पण त्यांना उत्सुकता होती.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही दोघंच टेंबलाईच्या टेकडीवर गेलो. तोवर आम्ही उतार नेहमी अर्ध्यातून घ्यायचो. वरच्या टोकापासून कधीच नाही. पैलवान वाकला, पुढचे आटे चाचपले, मागचे चाचपले. दोन. समाधानानं उठला. झेंडूची माळ त्यानं फळीवरून काढून स्वतःच्या गळ्यात घातली.

मी म्हणालो, "पैलवान, आज अर्ध्यातनंच जाऊया."

"का?"

"असंच. सणाचा दिवस हाय."

"म्हनूनच की. भ्यालास व्हय?"

"व्हय."

"तू कशाला भितोस? जानार तर मी हाय." आणि तो गेला.

पहिलं वळण त्यानं असं घेतलं की माझं भय पळालं. मी मागून धावत होतो आणि मनात म्हणत होतो, वाचलो. दुसऱ्या वळणानंतर रस्ता सरळ खाली जातो आणि फळीला वेग येतो. तिथं फळीचं मागचं टोक आधी जरासं हललं, मग जास्त, मग माशीला कंटाळलेल्या जनावराच्या शेपटीसारखं डावी-उजवीकडे आपटायला लागलं. मऊ रबराला त्याचं वजन आणि तो वेग पेलवत नव्हता. त्यानं गुडघे वाकवले, पुढच्या पायावर भार टाकला. जे करायला हवं ते सगळं त्यानं केलं. शेवटी त्यानं स्वतःच उडी मारली आणि घाणेरीच्या झुडपात गेला.

बाजूला एक म्हातारा म्हैस चारत होता. तो सावकाश आला, झुडपात डोकावला, आणि म्हणाला, "पावणं, वाटंत म्हस न्हाय, मानूस न्हाय, धोंडा न्हाय. मग पडलासा कशापायी?"

पैलवान झुडपातून म्हणाला, "त्येच बगाय आत गेलतो, आजोबा." माळ अजून गळ्यात होती. डावं मनगट वेगळ्याच दिशेला होतं.

त्याला दवाखान्यात पोचवून मी फळी घेऊन कारखान्यात आलो. नैवेद्य झाला होता. हत्यारं उठली होती. आत कुणी नव्हतं, सगळे घरी जेवायला गेले होते. मी सतरा नंबरचा पाना घेतला. त्यावरचं कुंकू माझ्या अंगठ्याला लागलं. मी मऊ रबर काढलं, टणक बसवलं, आणि दोन आटे बाहेर येईपर्यंत नट आवळला. मग अंगठा पुसला.

चार दिवसांनी पैलवान गळ्यात हात अडकवून आला. त्यानं फळी उलटी केली आणि मला मागचा बैल खोलायला लावला. मी खोलला. त्यानं टणक रबर बोटांत दाबून बघितलं, नाकाशी नेऊन वास घेतला, परत दिलं.

"रबर बरोबर हाय. नट बरोबर हुता. म्हंजे कल चुकला."

मी म्हणालो, "वाटंत खडा आला असंल."

"खडा न्हवता. म्हातारा म्हनला की, धोंडा न्हाय. कलच चुकला माझा." मग अब्बांकडे वळून म्हणाला, "अब्बा, तुमचं खरं."

अब्बांना जिंकल्याचा आनंद झाला नाही. ते वाळू चाळत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "नजर सगळ्यांना नसती. तू साचे कर."

त्या आठवड्यात पैलवानानं स्वतः चारही जोड्यांचे बैल भट्टीत टाकले, एका हातानं. मी बाजूला उभा होतो. ते वितळायला फार वेळ लागला नाही, पण सांगायला पुरेसा होता. मी सांगितलं नाही.

त्याचा हात दोन महिन्यांत भरून आला. पुढच्या वर्षी तो कुस्तीही खेळला, एक-दोन जिंकला. तो दुःखी माणूस झाला असं मला म्हणायचं नाही. ते खोटं होईल. साचे तो उत्तम करायचा, लग्न झालं, दोन मुली झाल्या, आणि शिव्या देत हसणं त्याचं कधी थांबलं नाही. पुढे कसबा बावड्याला घर बांधलं आणि स्वतःची छोटी भट्टी घातली. पण कुणी नवी वस्तू घेऊन आलं आणि विचारलं, हिचा आकार कसा ठेवायचा, की तो हात वर करायचा. "आपल्याला अंदाज न्हाय बाबा. फर्मा तुमी आना, साचा माझा." भिंतीत खिळा मारायचा असला तरी बायकोला विचारायचा, सरळ हाय का बग. सगळे हसायचे. मीही हसायचो. घरी आल्यावर मला जेवण जायचं नाही.

पंधरा वर्षांनी बायकोचा भाऊ अमेरिकेहून आला आणि त्यानं तशीच एक फळी आणली. मी ती उलटी केली. चाकांच्या जोडण्या चकचकीत होत्या. त्यांना तिकडे ट्रक म्हणतात, असं त्यानं सांगितलं. मी म्हणालो, एवढ्याशाला? कपाटातून कोनमापक काढला आणि मोजलं. मग पुन्हा मोजलं. पंचेचाळीस. पैलवानाच्या गुडघ्यात आणि अमेरिकेत अर्ध्या अंशाचा फरक होता.

बायकोनं विचारलं, "काय झालं? चेहरा असा का?"

मी तिला सगळं सांगितलं, रंकाळ्यापासून. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे मी ज्या वळणांना भुलले ती पण चोरीचीच होती का?" मग हसणं थांबवून म्हणाली, "उद्या सोमवार, त्यांची भट्टी बंद. जा."

मी गेलो. पैलवान अंगणात बसून सायकलची साखळी धूत होता. अब्बा बाजूला खुर्चीवर. वय झालं होतं, भट्टीच्या पंख्यांपाशी आयुष्य गेल्यानं कान पार गेले होते.

"ये काडी. वजन किती झालं रं तुझं? आता खांब तुला बगून पळंल."

मी बसलो नाही. म्हणालो, "पैलवान, टेंबलाईवर तू पडलास, तुझा कल चुकला न्हवता. मी अष्टमीला मागच्या बैलात मऊ रबर घातलं हुतं. आनि तू दवाखान्यात असताना परत टणक घातलं. तुला कळू ने म्हनून." कोनमापकाचं, अमेरिकेचं, सगळं एका दमात सांगितलं.

त्यानं साखळी खाली ठेवली. हात चिंधीला पुसले, एकेक बोट. मला वाटलं आता उठेल आणि मला कोपऱ्यातल्या वाळूत आपटेल. मी मनानं तयार होतो, खरं तर तेच बरं झालं असतं.

"पंचेचाळीस?" तो म्हणाला.

"पंचेचाळीस."

"दोनदा मोजलास?"

"दोनदा."

त्यानं डावं मनगट उजव्या हातानं धरलं होतं. मग म्हणाला, "हरामखोरा, पंधरा वर्सं मी खिळा बायकोला दाखवून मारतोय." त्याचा आवाज फुटला होता, आणि तो हसतही होता. कुठलं आधी ते मला सांगता येणार नाही.

"माझं चुकलं. मला माफ कर."

"मला काय सांगतूस? मी माझं बगून घेतो तुज्याकडं." त्यानं हनुवटीनं खुर्चीकडे दाखवलं. "त्येंला सांग. त्येंनी म्हनलं हुतं मला नजर न्हाय."

मी अब्बांच्या पायाशी उकिडवा बसलो आणि सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला.

"काय? कुनाचं काय बदललं?"

मी आवाज चढवला. शेजारच्या घराची खिडकी उघडली. पैलवानाची बायको पीठ लागलेल्या हातांनी दारात आली, मागून दोन्ही मुली.

"अजून मोठ्यानं," पैलवान म्हणाला. "त्येंला ऐकू येत न्हाय, तुला ठाऊक हाय."

मग मी उभा राहिलो आणि जितकं ओरडता येईल तितकं ओरडलो, "अब्बा, रबर मी बदललं हुतं! ह्याचा कल बरोबर हुता! ह्याला नजर हाय, पहिल्यापासनं हाय! मी खोटं वागलो! मला माफ करा!"